गेन-लांचं पुस्तक : कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४, गोठणगाव

आजपासून रेकॉर्डिंग रीतसर सुरू. आधीच्या गप्पा वहीत इकडेतिकडे खरडल्या होत्या, त्या वाचताना डोळे फुटायची वेळ आली, म्हणून इथून पुढे तारीख टाकून एकाच फाईलीत लिहायचं.

ज्यांच्या आठवणी लिहायच्यात ते गेन-ला. पुस्तक छापून येईपर्यंत नाव कुठेच टाकायचं नाही असं ठरलंय, आणि तसंही अख्खा कॅम्प त्यांना गेन-लाच म्हणतो, म्हणजे आपलं गुरुजी. आधी रस्त्यावरचे मजूर, मग सोसायटीचे कारकून, मग सेटलमेंट ऑफिसात, आणि पुढे धरमशालेच्या निर्वासित संसदेत चिथुए म्हणजे खासदार, ऊ-त्सांग प्रांताकडून. कॅम्प म्हणजे नोर्ग्येलिंग, तिबेटी निर्वासितांची वसाहत, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. वसाहत झाली १९७२ ला, तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा, म्हणून धरमशालेतली माणसं अजूनही हिला 'भंडारा'च म्हणतात.

नोव्हेंबर मुद्दाम निवडला कारण या दिवसांत कॅम्प रिकामा असतो. धडधाकट माणसं स्वेटर घेऊन बाहेरगावी, कोणी नागपूर कोणी पुणे, मागे उरतात म्हातारे, शाळेतली पोरं आणि कुत्री. गेन-लांची मुलगी पण गेलीय, घरी ते आणि त्यांची नात. नात कॉलेजात आहे आणि दुभाषी म्हणून तिचं काम सगळ्यात अवघड असणारेय हे तिला अजून कळलेलं नाही.

आधी मराठीत का, तिबेटीत का नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "पचास साल से ऊपर हो गया बेटी, अर्जुनी के बाजार में आज भी हम स्वेटरवाला है." विषय संपला.

१४ नोव्हेंबर

पद्धत ठरली. गेन-ला हिंदीत बोलतात, पण गाडी खोलात शिरली की आपोआप तिबेटीवर जातात, मग नात हिंदी करून सांगते, मी मराठीत लिहिते आणि लिहिलेलं त्यांना हिंदीत वाचून दाखवते. हे लांबण आहे पण इलाज नाही. वाचून दाखवताना ते डोळे मिटून ऐकतात आणि खटकलं की नुसता हात वर करतात.

कराराचं पण बोलणं झालं. रचना माझी, म्हणजे कुठून सुरू करायचं आणि काय कापायचं ते मी ठरवणार. तिबेटच्या आत राहिलेल्या माणसांबद्दल एक ओळ जरी असेल तर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी वहीच्या पानावर हे तिबेटीत लिहून सही केली, खाली माझी देवनागरी सही. प्रकाशकाचा कागद वेगळा, तो येईल तेव्हा येईल.

३ डिसेंबर

आजचा अख्खा दिवस तारखांत गेला. गेन-लांच्या डोक्यात इसवी सन नाहीच, तिथे वर्षाला प्राणी आणि तत्त्व असतं. बारा प्राणी, पाच तत्त्वं, साठ वर्षांचा फेरा. आपल्याकडे प्रभव-विभव साठ संवत्सरं आहेत तशीच, फक्त आपण ती पंचांगात ठेवून विसरलो आणि ते अजून वापरतात. मी एक्सेलमध्ये तक्ता करून टाकलाय, आता ते 'सा-फाग' म्हणाले की मी १९५९ लिहिते, पृथ्वी-डुक्कर.

गेन-लांचा जन्म मे-फाग, अग्नी-डुक्कर, म्हणजे १९४७. देश सोडला सा-फागमध्ये. त्यांच्या हिशोबात मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि लोसरला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, सगळ्यांचं वय एकदम वाढतं, म्हणजे निघाले तेव्हा ते तेरा वर्षांचे. आणि आपल्या प्राण्याचं वर्ष परत आलं की ते लो-काग, अडथळ्याचं वर्ष, जपायचं वर्ष. लोसरला आईने पूजा घातली होती, या वर्षी पोराला लांबच्या प्रवासाला पाठवायचं नाही म्हणून. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की नात भाषांतर करायचंच विसरली.

आरसीवर (हे त्यांचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, परदेशी म्हणून नोंदणीचं) जन्मसाल मात्र १९४३ आहे. हिमाचलात रस्त्याच्या कामावर बारक्या पोराला पूर्ण मजुरी मिळायची नाही म्हणून वडिलांनी वय चढवून सांगितलं, तेच आयुष्यभर कागदावर राहिलं. पुस्तकात दोन्ही सालं द्यायची. प्रकाशकाकडचा माणूस म्हणतो वाचक गोंधळेल, गोंधळू दे की.

२१ डिसेंबर

अडचण आलीय. गेन-ला भाषण करतात.

रेकॉर्डर लावला की त्यांचा आवाज बदलतो, पाठ ताठ होते आणि "हमारा तिबेट का जो मुद्दा है" इथून गाडी सुटते ती अर्धा तास थांबत नाही. सगळं बरोबर असतं, १९५९ च्या १० मार्चला ल्हासात दलाई लामांच्या नोर्बुलिंगका राजवाड्याभोवती लोक कसे जमले, १७ च्या रात्री दलाई लामा कसे निघाले, ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात कसे आले, सगळं चोख. पण यात ते स्वतः कुठेच नाहीत. त्या दिवसांत ते ल्हासात नव्हतेच, ल्होकातल्या आपल्या गावी होते, हे मी वेगळं विचारल्यावर कळलं! राजकारणी माणसाचं आत्मचरित्र लिहायचं म्हणजे हेच मोठं काम आहे, जे हजार वेळा बोललेलं आहे त्याच्या मागे जायचं. निर्वासित राजकारण्याचं तर जास्तच, कारण त्याला वाटतं आपण स्वतःबद्दल बोललो तर तेवढा वेळ देशाचा गेला.

मग मी तारखा सोडल्या आणि बुटांचं विचारलं. पायात काय होतं? लगेच गाडी रुळावर. लोकरी सोंबा, तळ चामड्याचा, बर्फ वितळलं की आत पाणी. मिसामारीच्या निर्वासित छावणीत पोचले आणि तिथे आसामची गर्मी, बांबूच्या बराकी, अंगात तोच जाड लोकरी छुपा (तिबेटी लांब झगा) कारण दुसरं काहीच नाही. वडिलांनी छुपा विकला तो किती रुपयांना ते आठवत नाही, पण घेणारा माणूस तो उलटासुलटा करून वास घेत होता हे आठवतं. रोज बराकीतलं कोणी ना कोणी जुलाबाने जायचं. आईपण तिथेच गेली. हे वाक्य त्यांनी हिंदीत सांगितलं, तिबेटीत नाही, आणि मग उठून चहा करायला गेले. लोणी-मिठाचा चहा, लाकडी घुसळणी माळ्यावर पडलीय, हल्ली मिक्सरमध्ये करतात. मिक्सर जरा जास्त वेळच फिरवला.

१८ जानेवारी २०२५

आजचा दिवस सोन्याचा. सोसायटीच्या जुन्या वह्या सापडल्या. गेन-लांच्या पलंगाखाली ट्रंकेत होत्या, मी इतके दिवस त्याच ट्रंकेवर रेकॉर्डर ठेवत होते.

कापडी पुठ्ठ्याच्या लांबड्या खातेवह्या, वाळवीने कोपरे खाल्लेले, अक्षर त्यांचंच. एकीकडे तिबेटी, आकडे इंग्रजी. बैलजोडीचं कर्ज, धानाचं बियाणं, खत, कोणाची किती पोती आली, कोणाचं किती फिटलं. तिबेटी माणसाला बहुतेक वेळा आडनाव नसतं आणि नावं ठरलेली, त्सेरिंग, ताशी, डोल्मा, त्यामुळे एका पानावर एकाच नावाची तिघंचौघं. कारकुनाने काय करायचं? गेन-लांनी प्रत्येकापुढे बारीक अक्षरात खूण केलीय. त्सेरिंग उंच. त्सेरिंग खेचरवाला. त्सेरिंग ज्याची बायको बोलते. मी हसून हसून लोळले, ते मात्र गंभीर. म्हणाले कर्ज चुकीच्या त्सेरिंगच्या नावे पडलं असतं तर भांडण कोण मिटवणार.

आपल्याकडे बहात्तर म्हटलं की दुष्काळ आठवतो. याच साली इकडे ही माणसं जंगल तोडून तंबूत राहायला लागली. सत्तू खाणारी, जव पिकवणारी किंवा याक राखणारी माणसं, गुडघाभर चिखलात उभं राहून रोवणी कधी बघितलीसुद्धा नव्हती. पऱ्हे कसे उपटायचे, बांधीत पाणी किती धरायचं, हे आजूबाजूच्या गावांतल्या बायकांनी शिकवलं. पहिल्या रोवणीला म्हाताऱ्या बायका चिखलात पाय घालायच्या आधी मंत्र म्हणत होत्या, पायाखाली किडे मरतील म्हणून. कोणी विचारलं म्हणून सांगते, धान आलं, पण लगेच नाही.

माझ्या मते पुस्तकाचा कणा हाच. गेन-लांच्या मते हा कणा नाहीच, हे परिशिष्टात टाकायचं, कारण "बैल का हिसाब कौन पढ़ेगा". त्यांना संसदेचं प्रकरण मोठं हवंय. आज वाद नाही घातला. वह्यांचे फोटो काढले, दोन ठिकाणी बॅकअप ठेवला.

२ मार्च

परवा लोसर झालं, लाकूड-साप वर्ष लागलं. काम शून्य. खाबसे (लोसरचं तळण) खाऊन खाऊन पोट तट्ट, छांग (जवाची दारू) दोन पेले. स्वेटरवाले सगळे परतलेत, कॅम्प ओळखू येत नाही. गेन-लांची मुलगी भेटली, आचा-ला म्हणजे ताई म्हणते मी तिला. तिने टाइप केलेलं पहिलं प्रकरण मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं (तिचं मराठी माझ्या हिंदीपेक्षा चांगलंय, बाजारात धंदा करून झालेलं). मिसामारीच्या पानावर थांबली. आजी तिथे गेली हे माहीत होतं तिला, कशी गेली ते माहीत नव्हतं.

१० मार्च

ल्हासाच्या उठावाचा दिवस. सकाळी झेंडा, राष्ट्रगीत, काशागचं (निर्वासित सरकारच्या मंत्रिमंडळाचं) निवेदन वाचलं गेलं. २०११ पर्यंत या दिवशी दलाई लामांचं स्वतःचं निवेदन यायचं. त्या वर्षी त्यांनी राजकीय अधिकार सोडतो म्हणून सांगितलं आणि तेव्हापासून काशाग आणि संसद यांची निवेदनं येतात.

दुपारी याच्यावरच रेकॉर्डिंग. मार्च २०११ ला गेन-ला संसदेत होते, चौदावी संसद. खासदारांनी ठराव करून विनवलं की सोडू नका, दलाई लामा ऐकले नाहीत, मेमध्ये घटना दुरुस्त झाली, ऑगस्टमध्ये लोबसांग सांगे यांनी काशागच्या प्रमुखाचं पद घेतलं. गेन-ला म्हणतात आम्हाला लोकशाही वरून मिळाली, आम्ही मागितली नव्हती, आणि ज्या दिवशी पुरी मिळाली त्या दिवशी आम्ही परत घ्या म्हणून हात जोडत होतो. हे वाक्य पुस्तकात जसंच्या तसं.

निवडणुकीची पद्धत मात्र वाचकाला नीट समजावून द्यावी लागेल, मला स्वतःला समजायला वेळ लागला. भारतात राहणारा तिबेटी माणूस गोंदियात असो की लडाखमध्ये, तो मत देतो ते आपल्या मूळ प्रांताला. ऊ-त्सांग, दोतो म्हणजे खाम, दोमे म्हणजे आम्दो, प्रत्येकी दहा जागा. बौद्धांचे चार पंथ आणि बोन यांना दोन दोन. उत्तर अमेरिका दोन, युरोप दोन, ऑस्ट्रेलिया आणि बाकी आशिया मिळून एक. एकूण ४५. भिक्खूंना दोन मतं, एक प्रांताचं एक पंथाचं. म्हणजे गोठणगावात जन्मलेली पोरगी, जिने ऊ-त्सांग नकाशाशिवाय बघितलं नाही, ती ऊ-त्सांगची मतदार. आणि मत द्यायला ग्रीन बुक (निर्वासित सरकारचं ओळखपुस्तक) चालू पाहिजे, त्यात दरवर्षीच्या छात्रेलचा म्हणजे स्वेच्छा कराचा शिक्का पाहिजे. जमीन नाही, पोलीस नाही, कर भरला नाही तर तुरुंग नाही, तरी लोक रांग लावून शिक्का मारून घेतात. मला यात जेवढं नवल वाटतं तेवढं गेन-लांना अजिबात वाटत नाही.

५ एप्रिल

आज 'बावीस'. मोठा भाऊ एस्टॅब्लिशमेंट २२ मध्ये होता, १९६२ च्या युद्धाच्या शेवटी तिबेटी पोरांची जी गुप्त फौज चक्राताला उभी केली ती. १९७१ ला हे लोक चितगावच्या डोंगरात लढले, स्वतःच्या नसलेल्या लढाईत, त्यात ५६ तिबेटी गेले. वर्षानुवर्षं यावर जाहीर कोणी बोलत नव्हतं, सप्टेंबर २०२० मध्ये लडाखला याच फौजेतल्या न्यिमा तेनझिन यांची अंत्ययात्रा भारताच्या आणि तिबेटच्या अशा दोन झेंड्यांत निघाली तेव्हा कुठे टीव्हीवर आलं. भाऊ जिवंत परत आला आणि घरात एक शब्द बोलला नाही. गेन-लांना त्याच्याबद्दल एवढंच लिहायचंय की तो होता आणि सुट्टीवर आला की पोरांना पेढे आणायचा. मी जास्त खोदलं नाही. न बोललेल्या माणसाच्या तोंडी आपण वाक्यं घालायची नाहीत.

२४ मे, धरमशाला

विदर्भात ४५ डिग्री, इथे संध्याकाळी शाल लागते, गेन-ला खुशीत. गंगचेन क्यिशोंगला (निर्वासित सरकारचं आवार) लायब्ररीत जुन्या अंकांतून त्यांची संसदेतली भाषणं शोधतोय. शिडी चढून तेच वर जातात, मी खाली उभी. ७८ वय, कोणाचं ऐकत नाहीत.

काल एका जुन्या सहकाऱ्याने साठच्या दशकावरचं प्रकरण वाचलं. त्या काळात प्रांत-पंथांची एकी करायला निघालेल्या 'युनायटेड पार्टी'वरून आणि त्याला विरोध करणाऱ्या तेरा वसाहतींच्या गटावरून प्रांताप्रांतांत जे झालं ते कडू आहे, १९७७ ला देहरादूनच्या क्लेमेंट टाऊनला या गटाचे नेते गुंगथांग त्सुल्ट्रिम यांचा खून झाला, आणि आजही त्यावर माणसं आवाज खाली करून बोलतात. सहकारी म्हणाले हे काढा, बीजिंग हेच दाखवेल. मी म्हटलं बीजिंगच्या भीतीने कापायला बसलो तर पुस्तकाचं पत्रक होईल. गेन-ला दोघांकडे बघत राहिले. रात्री निर्णय दिला: मी जे स्वतः बघितलं ते ठेवायचं, ऐकीव सगळं बाहेर. तेवीस पानांची नऊ झाली. नऊ चांगली आहेत, जास्त टोचतात.

२६ मे

मी मुख्य प्रश्न बरेच दिवस टाळत होते तो आज विचारला. तुम्ही मत दिलंत उमेलामला, मधल्या मार्गाला, म्हणजे स्वातंत्र्य नको खरी स्वायत्तता द्या. पण तुमच्या वह्यांच्या पहिल्या पानावर प्रत्येक वर्षी रांगझेन लिहिलेलं आहे, स्वातंत्र्य. खरं काय?

खूप वेळ गप्प. मग नोव्हेंबर २००८ चं सांगायला लागले. त्या मार्चमध्ये ल्हासा पेटलं होतं, चीनशी २००२ पासून चाललेल्या बोलण्यांतून काही हाती नव्हतं, म्हणून जगभरातले प्रतिनिधी धरमशालेत जमले होते पुढे काय करायचं ठरवायला. तरुण पोरं रांगझेन म्हणत होती. गेन-ला उठले आणि मधल्या मार्गाच्या बाजूने बोलले. खाली बसले तर शेजारी नुकताच तिकडून पळून आलेला एक मुलगा, तो म्हणाला, काका, तुम्ही इथे काहीही ठरवा, मार आम्हीच खाणार. "उसके बाद मैं जब भी बोला, उसको सुनाके बोला," असं म्हणाले. मग म्हणे मन रांगझेनचं आहे, हात मधल्या मार्गाला वर गेला, आणि यात लाज वाटत नाही.

यावर नात चिडली. ती रांगझेनवाली आहे. आजोबा-नातीचं तिबेटीत कडाक्याचं वाजलं, मला कोणी भाषांतर करून दिलं नाही. रेकॉर्डर चालू होता. नंतर दोघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं की ते पुस्तकात घ्या. घेणार.

६ जुलै

दलाई लामांचा ९० वा वाढदिवस, कॅम्पात जेवणावळ, आसपासच्या गावांतले लोक आणि गोंदिया-भंडाऱ्याकडचे बौद्ध बांधव पण आले होते. चार दिवसांपूर्वीच दलाई लामांनी सांगितलं की अवतारांची परंपरा पुढे चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार त्यांच्याच गादेन फोड्रांग ट्रस्टचा. गेन-लांनी शेवटचं प्रकरण परत लिहायला घेतलंय. मला भीती वाटते भाषण परत शिरेल. बघू.

१७ ऑगस्ट

बहीण.

हिचं प्रकरण मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. धाकटी, निघाले तेव्हा आजारी होती म्हणून मामीकडे ठेवली, महिनाभरात परत येऊ म्हणून. ऐंशीच्या दशकात जायला-यायला थोडी मोकळीक मिळाली तेव्हा गेन-ला एकदा जाऊन भेटून आले, ती भेट म्हणजे पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं आहेत. नंतर फोन, नंतर वीचॅट, आठवड्यातून एक आवाजी मेसेज, त्यात फक्त हवा, गुडघे आणि जेवलास का. जून २०२० ला भारताने वीचॅट बंद केलं. बंदी चिनी कंपन्यांवर होती, तुटलं ते यांचं.

आता तिला पुस्तकात कसं आणायचं? नाव अर्थातच नाही. गाव नाही. पण गाव नाही तर वाटेतला घाट पण नाही, मठ पण नाही, कारण मठावरून गाव कळतं. भेटीचं साल नाही. मामाचा धंदा नाही. आम्ही दोघं पेन्सिल घेऊन बसलो आणि एकेक गोष्ट खोडत गेलो, आणि शेवटी तिचं काय राहिलं तर गुडघे दुखतात आणि भावाला जेवलास का विचारते. आचा-ला म्हणाली प्रकरणच काढा. गेन-ला नाही म्हणाले. करारानुसार शेवटचा शब्द त्यांचा, आणि त्यांनी ठरवलं की प्रकरण राहणार, दोन पानांचं का होईना, आणि सुरुवातीलाच सरळ लिहायचं की इथून खूप काही काढलेलं आहे आणि का काढलं आहे. मला हे पटलं. खोटं नाव, खोटं गाव घालून गोष्ट गुळगुळीत करता आली असती, बरेच जण करतात.

२ सप्टेंबर

लोकशाही दिन, १९६० ला याच दिवशी पहिल्या तेरा प्रतिनिधींनी शपथ घेतली होती. गेन-लांनी कॅम्पात छोटं भाषण केलं आणि त्यात बैलजोडीच्या कर्जाचं सांगितलं! "त्सेरिंग ज्याची बायको बोलते" ला सगळे हसले, ती बायको पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर म्हणाले वह्यांचं प्रकरण परिशिष्टातून काढून दुसऱ्या नंबरवर घ्या. मी काही बोलले नाही, फाईल तिथल्या तिथे हलवली.

१९ सप्टेंबर

स्थिती अशी. अकरा प्रकरणं वाचून झाली, संसदेचं एक बाकी, त्यात अजून दोन भाषणं लपलेली आहेत ती काढायचीत. फोटोंमध्ये तिकडचे जे चेहरे आहेत ते सगळे बाजूला ठेवले. मुखपृष्ठावर प्रकाशकाला पोताला राजवाडा हवाय, गेन-ला म्हणतात मी पोताला आयुष्यात एकदा लांबून बघितला, त्यापेक्षा इटियाडोहचा कालवा टाका. प्रकाशक विचार करून सांगतो म्हणाला. तिबेटी आवृत्तीचं काम नात करणार, पण परीक्षा झाल्यावर, आणि आजोबांच्या वादाच्या पानांवर तिला स्वतःची तळटीप हवीय. ऑक्टोबरात आचा-ला स्वेटर घेऊन निघेल त्याआधी तिच्याकडून सगळ्या नावांचं तिबेटी स्पेलिंग तपासून घ्यायचं.